एसएपीला जोडलेल्या सिस्टिममधला भाषेचा घोळ: नेमका कुठे आहे ते शोधून दुरुस्त कसा करायचा

"युजरची भाषा इंग्रजी केली, तरी मेसेज जर्मनमध्येच येतोय." सपोर्टमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाने हे टिकिट पाहिलेलं असतं. पुढचा प्रकारही ठरलेला. कुणीतरी एसएपीच्या (कंपनीचे व्यवहार सांभाळणारं ईआरपी सॉफ्टवेअर) एसयू ०१ या युजरच्या स्क्रीनमध्ये जाऊन युजरची लॉगिन भाषा बदलतं. फरक पडत नाही म्हणून एसएम ५९ या जोडण्यांच्या स्क्रीनमधली बदलतं, मग ब्राउझरची, मग मिडलवेअरवाल्यांना फोन. संध्याकाळपर्यंत चार ठिकाणची सेटिंगं बदललेली असतात, मूळ काय होतं ते कुणालाच आठवत नाही, आणि आता मजकूर अर्धा इंग्रजी, अर्धा जर्मन येऊ लागतो.

खालचा क्रम याच्या उलटा आहे. सेटिंगला हात लावायचं काम अगदी शेवटच्या टप्प्यात येतं. उदाहरणासाठी आपल्याकडे हमखास भेटणारी मांडणी घेतली आहे: मूळ कंपनी जर्मनीत, कारखाना चाकणला, मध्ये एसएपी. एका बाजूला पुरवठादारांचं वेब पोर्टल, दुसऱ्या बाजूला गोदामाची सिस्टिम आणि लेबल प्रिंटर, आणि या सगळ्यांना जोडणारं मिडलवेअर. तुमच्याकडे दुसरं ईआरपी असेल तर स्क्रीनची नावं बदलतील, क्रम बदलणार नाही.

## तयारी: आधी एकच नोंद पकडा

"सगळीकडे जर्मन येतंय" या तक्रारीवर काम करता येत नाही. तक्रार करणाऱ्याकडून एक मटेरियल नंबर किंवा एक ऑर्डर नंबर, एक युजर आणि एक वेळ घ्या. तीच नोंद शेवटपर्यंत धरून ठेवा.

मग या चार गोष्टी गोळा करा:

1. चुकीच्या स्क्रीनचा स्क्रीनशॉट, ब्राउझरच्या पत्त्यासकट. पत्त्यात भाषेचा पॅरामीटर चिकटलेला असतो आणि बऱ्याचदा उत्तर तिथेच सापडतं.
2. मिडलवेअरमध्ये आलेला आणि तिथून पुढे गेलेला कच्चा मेसेज. दोन्ही हवेत.
3. एसएपीत पोचलेला आयडॉक (ठरलेल्या साच्यातला एसएपीचा डेटा-मेसेज) किंवा इंटरफेसचा लॉग.
4. आजच्या सेटिंगचा तक्ता: सिस्टिम, तिथे लॉगिन कोण करतं, भाषा कोणती, ती कुठे लिहिली आहे. साध्या एक्सेलमध्ये चार रकाने पुरतात.

सावधान: कच्चा मेसेज एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडू नका. एक्सेल फाइलचं एन्कोडिंग (अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) स्वतःच्या अंदाजाने ठरवतं, आकड्यांना आणि तारखांनाही हात लावतं. मग तुम्ही एक्सेलने केलेली चूक मिडलवेअरच्या माथी मारून बसता. नोटपॅड प्लस प्लस किंवा तत्सम एडिटर वापरा.

## टप्पा १: हा घोळ खरंच भाषेचा आहे का?

लोक चार वेगवेगळ्या बिघाडांना "लँग्वेज इश्यू" म्हणतात. त्यांची कारणं वेगळी आणि दुरुस्त्याही वेगळ्या.

1. मजकूर नीट वाचता येतो, पण भाषा चुकीची आहे, किंवा रकाना रिकामा आहे. हा भाषेचा खरा घोळ. टप्पा २, ३ आणि ५ बघा.
2. मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हं, चौकोन किंवा भलतीच चिन्हं दिसतात. हा एन्कोडिंगचा किंवा फॉन्टचा प्रश्न. टप्पा ६ बघा.
3. मजकूर बरोबर, पण आकडा हजारपट वाढला किंवा तारखेतला महिना आणि दिवस यांची अदलाबदल झाली. टप्पा ७ बघा.
4. मजकूर, आकडे सगळं ठीक, पण "युनिट अस्तित्वात नाही" किंवा "पार्टनर सापडला नाही" असा एरर. हा भाषेचाच घोळ आहे, फक्त वेश बदलून आलाय. टप्पा ४ बघा.

तपासा: एकाच नोंदीत दोन बिघाड असू शकतात. वर्णन जर्मन आणि आकडाही चुकीचा असेल तर त्या दोन वेगळ्या तक्रारी समजा, दोन वेगळी टिकिटं करा.

## टप्पा २: प्रत्येक सांध्यावर लॉगिन कुणाचं आहे?

इथेच सगळ्यात जास्त वेळ वाया जातो, म्हणून जरा थांबून वाचा.

पोर्टलवर पुरवठादार इंग्रजीत लॉगिन करतो. तो ऑर्डर उघडतो तेव्हा पोर्टल मिडलवेअरला विचारतं, मिडलवेअर एसएपीत शिरतं. पण शिरतं ते पुरवठादाराच्या नावाने नाही, तर एका टेक्निकल युजरच्या (माणसासाठी नाही, सिस्टिमसाठी बनवलेल्या) नावाने. एसएपीच्या दृष्टीने समोर तो टेक्निकल युजर असतो. तो जर्मन भाषेत आत आला असेल तर एरर मेसेज जर्मनमध्ये येणार, मटेरियलचं वर्णनही जर्मन येणार. पुरवठादाराच्या युजरची भाषा तुम्ही दहा वेळा बदललीत तरी एसएपीला त्याचा पत्ताही लागत नाही.

म्हणून कागदावर साखळी काढा आणि प्रत्येक सांध्यापाशी दोन गोष्टी लिहा: पलीकडे लॉगिन कोण करतं, आणि भाषा कोण सांगतं. बघायच्या जागा या:

1. एसएपीकडून बाहेर जाणारी जोडणी: एसएम ५९ मधलं लॉगिन आणि सुरक्षेचं पान. तिथला भाषेचा रकाना रिकामा असेल तर सहसा बोलावणाऱ्या सेशनची भाषा पुढे जाते. म्हणजे सकाळी चाकणच्या माणसाने चालवलं की इंग्रजी, दुपारी जर्मनीतल्या माणसाने चालवलं की जर्मन. "कधीकधी येतं, कधीकधी नाही" अशी तक्रार असेल तर सगळ्यात आधी हा रकाना उघडा.
2. जावावरून येणारी जोडणी: जेको (जावातून एसएपीशी बोलणारी लायब्ररी) डेस्टिनेशनच्या सेटिंगमध्ये क्लायंटच्या भाषेचा वेगळा पॅरामीटर असतो.
3. वेब सेवा आणि ओडेटा (वेबवरून डेटा देण्याघेण्याची पद्धत): पत्त्यातला सॅप लँग्वेज पॅरामीटर, ब्राउझर पाठवतो तो ॲक्सेप्ट लँग्वेज हेडर, आणि एसआयसीएफ या वेब सेवांच्या स्क्रीनमध्ये त्या सेवेवर नोंदवलेली भाषा. तिन्ही लिहून ठेवा, एकावर थांबू नका.
4. रात्रीचे बॅकग्राउंड जॉब: एसएम ३६ मध्ये जॉबच्या प्रत्येक स्टेपला भाषेचा स्वतंत्र रकाना असतो. जॉब लावणारा माणूस तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेला, तरी त्याची भाषा त्या स्टेपमध्ये मागे राहिलेली असते.
5. छापील कागद: खरेदी ऑर्डरची भाषा लॉगिनवरून ठरत नाही. ती पुरवठादाराच्या मास्टरमधून ऑर्डरच्या हेडरमध्ये येते. पीडीएफ जर्मन निघत असेल तर आधी ऑर्डरचा हेडर बघा, मग आउटपुटच्या कंडिशन रेकॉर्डमधली (कुठला कागद कसा निघणार याची नोंद) भाषा.

तपासा: जी भाषा दिसायला हवी त्याच भाषेत तुम्ही स्वतः एसएपीत लॉगिन करा आणि तीच नोंद उघडा. तिथेही चुकीचं दिसत असेल तर दोष एसएपीच्या आत आहे, मिडलवेअरला सध्या सोडा. बरोबर दिसत असेल तर दोष बाहेरच्या सांध्यात आहे.

## टप्पा ३: भाषेचे कोड अक्षर न् अक्षर जुळवा

एसएपीच्या आत भाषेची खूण एकाच अक्षराची असते. स्क्रीनवर दिसतो तो दोन अक्षरी कोड. दोघांची जोडणी टी००२ या टेबलमध्ये असते. बाहेरच्या सिस्टिम मात्र दोन अक्षरी कोड वापरतात, किंवा देश जोडून चार अक्षरी. या तीन पद्धतींचं भाषांतर मिडलवेअरमधल्या एका छोट्याशा तक्त्यात कुणीतरी हाताने भरलेलं असतं. तो तक्ता उघडा. हमखास सापडणाऱ्या चुका:

पहिल्या अक्षरावरून अंदाज. एसएपीत 'एस' म्हणजे स्पॅनिश. स्वीडिश म्हणजे 'व्ही', डॅनिश म्हणजे 'के', कोरियन म्हणजे आकडा ३. चिनीचं तर आणखी वेगळं: सरलीकृत म्हणजे आकडा १, पारंपरिक म्हणजे 'एम', आणि पारंपरिक चिनीचा दोन अक्षरी कोडसुद्धा एसएपीपुरता 'झेडएफ' असा आहे. तो बाहेरच्या कुठल्याच सिस्टिमला कळत नाही.

कॅपिटल आणि स्मॉल. एका ग्राहकाकडे जर्मन वर्णनं अचानक दिसेनाशी झाली. नोंदी चुकत नव्हत्या, एरर येत नव्हता, आयडॉक हिरवे, म्हणजे यशस्वी. दोन दिवसांनी टेबल उघडून बघितलं तर वर्णनं जागच्या जागी होती, फक्त भाषेच्या रकान्यात स्मॉल 'डी'. मिडलवेअरच्या नव्या मॅपिंगमध्ये कुणीतरी सगळे कोड स्मॉल करून टाकले होते. एसएपीत कॅपिटल 'डी' म्हणजे जर्मन आणि स्मॉल 'डी' म्हणजे लॅटिन लिपीतली सर्बियन. कॅपिटल 'आय' इटालियन, स्मॉल 'आय' इंडोनेशियन. एसएपीने मुकाट्याने सगळं सर्बियन म्हणून साठवलं होतं.

देशाचा कोड भाषेच्या जागी. जपान देश म्हणून 'जेपी', भाषा 'जेए'. डेन्मार्क 'डीके', भाषा 'डीए'. चेक देश 'सीझेड', भाषा 'सीएस'. स्वीडनचा 'एसई' भाषेच्या रकान्यात टाकलात तर तो उत्तर सामी भाषेचा कोड होतो. भारताचा 'आयएन' तर आणखी फसवा: जुन्या जावामध्ये इंडोनेशियन भाषेचा कोड 'आयएन' असाच होता. जावा १७ पासून तो 'आयडी' झाला. जावाची आवृत्ती बदलल्यावर इंडोनेशियन मजकूर गायब झाला असेल तर हे कारण आधी बघा.

आडवी रेघ की खालची रेघ. ब्राउझर भाषा आणि देश यांच्यामध्ये आडवी रेघ टाकतो, जावा आणि सेल्सफोर्स खालची रेघ वापरतात. मॅपिंगने अख्खा शब्द जुळवला तर एकही ओळ जुळत नाही आणि सगळे जण मूलभूत भाषेवर जाऊन आदळतात.

गोव्यात काम करणाऱ्यांसाठी एक आडकाठी: मराठीला 'एमआर' हा दोन अक्षरी कोड आहे, कोकणीला दोन अक्षरी कोडच नाही, तीन अक्षरी 'केओके' आहे. रकाना दोन अक्षरांचा असेल तर कोकणी त्यात मावणार नाही. हे पहिल्या बैठकीतच बोलून घ्या.

सावधान: आयडॉकमध्ये मटेरियलच्या वर्णनाच्या सेगमेंटला भाषेचे दोन रकाने असतात, एक अंतर्गत एक अक्षरी, दुसरा आयएसओ दोन अक्षरी. बापीमध्येही (बाहेरून बोलवायचं एसएपीचं तयार फंक्शन) तसंच. दोन्हीत वेगवेगळ्या भाषा भरून पाठवू नका. एकच भरा, शक्यतो आयएसओचा.

## टप्पा ४: भाषेवरून रूप बदलणारे कोड

एसएपीत काही कोडसुद्धा भाषेप्रमाणे वेगळे दिसतात. मूळ कोड जर्मन शब्दांवरून आलेले, इंग्रजीत लॉगिन केलं की स्क्रीन ते बदलून दाखवते. नगाचं युनिट टेबलमध्ये 'एसटी' असं असतं, इंग्रजी स्क्रीनवर 'पीसी' दिसतं. साधी विक्री ऑर्डर टेबलमध्ये 'टीए', इंग्रजी स्क्रीनवर 'ओआर'. ऑर्डर देणारा ग्राहक टेबलमध्ये 'एजी', स्क्रीनवर 'एसपी'.

आता खरा खड्डा. इंटरफेस लिहिणाऱ्याने इंग्रजी स्क्रीन बघितली, ग्राहकाच्या जागी 'एसपी' लिहिलं आणि थेट बापीला पाठवलं. पण टेबलच्या पातळीवर 'एसपी' हाही खरा कोड आहे. तो श्पेडिट्योर, म्हणजे माल वाहून नेणारा. इंग्रजी स्क्रीनवर तो 'सीआर' दिसतो. त्यामुळे सिस्टिमला कोड ओळखीचा वाटतो, ग्राहकाचा नंबर वाहतूकदाराच्या खणात जातो, आणि एरर येतो तो "ऑर्डर देणारा ग्राहक भरा" असा. माणूस म्हणतो, भरलाय की!

काय करायचं:

1. इंटरफेसमधून नेहमी अंतर्गत कोड पाठवा. स्क्रीनवरून कोड उचलू नका, टेबलमधून उचला.
2. युनिटसाठी टी००६ए, पार्टनरसाठी टीपीएयूएम, ऑर्डर प्रकारासाठी टीएयूयूएम या टेबलांमध्ये भाषेप्रमाणे जोड्या दिसतात. मॅपिंगचा तक्ता त्यांच्याशी ताडून बघा.
3. बाहेरच्या सिस्टिमला युनिट पाठवताना आयएसओ कोड वापरा. नगाचा तो 'पीसीई'.

सावधान: एसई १६ एन (टेबल बघायची स्क्रीन) सुद्धा कधीकधी रूप बदललेला कोड दाखवतं. रूपांतर बंद करून, टेबलमधला कच्चा कोड बघा.

## टप्पा ५: त्या भाषेत मजकूर आहे तरी का?

कोड बरोबर, लॉगिन बरोबर, तरी रकाना रिकामा. एमएकेटी टेबलमध्ये मटेरियल नंबर टाका आणि भाषेच्या रकान्यात काय काय आहे ते बघा. एकच ओळ, तीही जर्मन? मग वर्णन त्या भाषेत भरलेलंच नाही आणि कुठल्याही सेटिंगने ते उगवणार नाही. एमएम ०२ या मटेरियल बदलायच्या स्क्रीनमधून किंवा लोडने भरावं लागेल.

मेसेजच अर्धवट भाषांतरित असतील तर एसएमएलटी ही भाषा बसवायची स्क्रीन उघडा. भाषा सिस्टिममध्ये बसवली आहे का आणि तुमच्या क्लायंटमध्ये (एकाच एसएपी सिस्टिममधला स्वतंत्र विभाग) पूरक भाषेने उरलेल्या जागा भरल्या आहेत का, दोन्ही बघा. दुसरं काम क्लायंटप्रमाणे वेगळं करावं लागतं. टेस्टच्या एका क्लायंटमध्ये दिसतं, दुसऱ्यात नाही, याचं कारण बहुतेक हेच. बेसिसवाल्यांना (एसएपीची यंत्रणा सांभाळणाऱ्यांना) नेमकं हेच विचारा.

## टप्पा ६: अक्षरांची मोडतोड

आधी बघा की मजकूर कसा मोडलाय. त्यावरून तो परत मिळेल की नाही हे कळतं.

नुसती प्रश्नचिन्हं: माहिती गेली. ती त्या नोंदीतून परत येणार नाही, मूळ सिस्टिममधून पुन्हा पाठवावी लागेल. एसक्यूएल सर्व्हरमध्ये मराठी मजकूर लिहिताना अवतरणाआधीचा 'एन' विसरला, किंवा रकाना एनव्हारकार नसून साधा व्हारकार असला की असं होतं.

डोक्यावर तिरकी रेघ असलेला लॅटिन 'ए', आणि त्याला लागून चलनाचं गोल चिन्ह किंवा येनचं चिन्ह, पुन्हा पुन्हा: घाबरू नका. यूटीएफ ८ मधली देवनागरी कुणीतरी विंडोज १२५२ (लॅटिन लिपीचं जुनं एन्कोडिंग) समजून वाचली आहे. देवनागरीच्या प्रत्येक अक्षराचा पहिला बाइट तोच असतो, म्हणून तोच 'ए' सारखा दिसतो. बाइट शाबूत असतात, वाचण्याची पद्धत सुधारली की मजकूर परत येतो.

शेवट तुटलेला: देवनागरीचं एक अक्षरचिन्ह यूटीएफ ८ मध्ये ३ बाइट घेतं. 'मराठी' या शब्दात ५ चिन्हं, म्हणजे १५ बाइट. एसएपीत मटेरियलचं वर्णन ४० चिन्हांचं. पलीकडच्या ओरॅकल टेबलमध्ये रकाना ४० बाइटचा असेल तर तिथे १३ चिन्हं मावतात. ओरॅकलमध्ये लांबी सांगताना एकक दिलं नाही तर ती बाइटमध्येच धरली जाते, हे विसरू नका.

चौकोन, फक्त लेबलवर: डेटा ठीक आहे, प्रिंटरमध्ये देवनागरी फॉन्ट नाही. झेब्रा प्रिंटरच्या भाषेत यूटीएफ ८ चा आदेश दिला तरी फॉन्ट वेगळा लागतोच.

मराठी फॉन्ट लावला की वाचता येतं, नाहीतर लॅटिन अक्षरांची खिचडी: हा डेटा युनिकोड नाहीच. जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेव पद्धतीत टाइप केलेला आहे. पुरवठादारांच्या जुन्या याद्यांमध्ये अजूनही सर्रास सापडतो. आधी कन्व्हर्टरमधून काढा, माणसाकडून वाचून घ्या, मगच लोड करा.

तपासा: चाचणीसाठी "सुऱ्या, कळ, ज्ञान" असा मजकूर आणि उमलाउटचं (डोक्यावर दोन टिंबं असलेलं) एखादं जर्मन अक्षर पाठवा. 'ऱ्या' मुद्दाम घ्या. यातला ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एकच चिन्ह म्हणून, किंवा र आणि नुक्ता मिळून. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, पण शोध मात्र फसतो.

## टप्पा ७: आकडे आणि तारखा

एसयू ०१ मध्ये लॉगिन भाषा, दशांश चिन्हाची पद्धत आणि तारखेची पद्धत हे तीन वेगळे रकाने आहेत. भाषा इंग्रजी केली म्हणून आकडे बदलत नाहीत. जर्मन पद्धतीत हजाराला टिंब आणि दशांशाला स्वल्पविराम. 1.234 किलो म्हणजे बाराशे चौतीस किलो, की सव्वा किलोच्या आसपास, हे वाचणाऱ्यावर. बॅच इनपुटने (स्क्रीन आपोआप भरून) अपलोड चालत असेल तर ते चालवणाऱ्या युजरच्या पद्धतीने आकडा वाचला जातो, म्हणून तोच प्रोग्रॅम एकाच्या हातून चालतो, दुसऱ्याच्या हातून कोसळतो. सिस्टिममधल्या देवाणघेवाणीत आकडा टिंबाने, तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच ठेवा.

## टप्पा ८: आता बदल

1. टेस्ट सिस्टिममध्ये करा. पण ती प्रॉडक्शनची ताजी प्रत असेल तर एसएम ५९ मधल्या जोडण्या नंतर हाताने बदललेल्या असतात. आधी तुमच्या तक्त्याशी ताडा.
2. एका वेळी एकच सेटिंग. बदलाची वेळ तक्त्यात लिहा.
3. जुन्या जोडण्या तोडा. जेको जोडण्यांचा साठा करून ठेवतं, आणि साठ्यातली जोडणी जुन्याच भाषेत आत बसलेली असते. एकदा मी भाषा बरोबर लावली, टेस्टरने पाच मिनिटांनी "तसंच आहे" म्हणून कळवलं, मी बदल मागे घेतला आणि पुढचा अख्खा दिवस दुसरीकडे शोधत राहिलो. मिडलवेअर रीस्टार्ट झालंच नव्हतं.
4. ब्राउझरची साठवण पुसा, युजरला बाहेर पडून पुन्हा लॉगिन करायला सांगा.
5. तीच पहिली नोंद पुन्हा चालवा. मग दुसऱ्या भाषेतला एक युजर घेऊन चालवा. इंग्रजी दुरुस्त करताना जर्मनीतल्या लोकांचं जर्मन जाणं ही नेहमीची गोष्ट आहे, आणि त्यांचा फोन रात्री येतो.
6. बरोबर आलं की मगच आधी फसलेले आयडॉक बीडी ८७ मधून पुन्हा चालवा. चुकीच्या भाषेत यशस्वी झालेले आयडॉक तिथे फसलेले म्हणून दिसत नाहीत. स्मॉल 'डी' सारख्या नोंदी टेबलमध्ये वेगळ्या शोधून काढाव्या लागतात.

टिकिट बंद करताना "भाषा दुरुस्त केली" एवढंच लिहू नका. कुठला सांधा, कुठला रकाना, आधी काय होतं, आता काय आहे, हे चार शब्द लिहा आणि तो तक्ता जोडा. पुढच्या वेळी एसएम ५९ उघडणारा माणूस बहुधा तुम्ही नसाल.